उभ्या होडीचा रंग

१४ मार्च, मंगळवार. सकाळी धुकं, दहानंतर ऊन. यार्डात जाऊन आलो. खालच्या रंगाचं ठरलं: झिजणारा, लाल. ह्यांना येताना धाप लागली, भिंतीला टेकून थांबलो. लिंबं संपली. इस्त्री स्वयंपाकघरात केली, कारण खोलीतला प्लग ह्यांच्या यंत्राला लागतो. ओट्यावर जागा पुरत नाही. पांढऱ्या शर्टाची कॉलर करपली.

काकूंची डायरी अशीच असे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी लावलेली सवय होती ती. दिवसभरात जे घडलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. वाटण्यासाठी चॅपेलमधल्या प्रार्थनेचा वेगळा तास होता. पुढे काकूंचं चॅपेल सुटलं, सिस्टर गेल्या, पण डायरी राहिली. त्या मंगळवारच्या पानावरही खोटं असं एक अक्षर नव्हतं. मात्र त्याच सकाळी काकू होडीच्या पोटाखाली उभ्या राहून, नवऱ्याच्या तोंडावर, चांगल्या खणखणीत आवाजात खोटं बोलल्या होत्या. ते तेवढं लिहायचं राहून गेलं.

त्यांचे यजमान म्हणजे कप्तान. नाव ऐकून कोणाला वाटेल, जहाजावर होते. जहाज सोडाच, त्यांना पोहायलाही धड येत नव्हतं. ते कवळ्या करायचे. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे जिन्याखाली एक खोली होती. तिला खिडकी म्हणून हातभर झरोका, एक टेबल, एक फिरतं चाक, आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे. त्या खोलीत कप्तानांचा जन्म गेला. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या हातच्या दातांनी जेवायची. एखाद्या समारंभाला गेले की कप्तान काकूंच्या कानाशी लागायचे, "तो कोपऱ्यातला बघ, हसतोय ना, तो माझा. आणि ती त्याच्या शेजारची, रागावून बसलेली, तीही माझीच. पण ती दात दाखवेल तर शपथ."

कवळी करताना समोरचा एक दात ते मुद्दाम केसभर वाकडा बसवत. डॉक्टर चिडायचे. कप्तान म्हणायचे, "सगळे सरळ बसवले की माणूस सतत काहीतरी विकत असल्यासारखा दिसतो."

चाकावर कवळी घासली की पिठासारखी धूळ उडायची. मास्क खुंटीला लटकत असे आणि डॉक्टरांची पावलं जिन्यावर वाजली की तोंडावर येई. संध्याकाळी कप्तान घरी आले की भुवया पांढऱ्या, कान पांढरे. मुलगी लहान असताना टाळ्या पिटायची, "बाबा म्हातारे झाले, बाबा म्हातारे झाले!" काकू दारातच त्यांना झटकायच्या. अंगणातल्या सतरंजीला झटकावं तसं. सदऱ्यावरची धूळ झटकता आली. आत गेलेली कोण झटकणार?

होडी मूळची त्या डॉक्टरांचीच. हौसेनं घेतली, दोनदा चालवली, तिसऱ्यांदा खडकावर घातली आणि होड्या दुरुस्तीच्या यार्डात टाकून दिली. कप्तान निवृत्त झाले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आठवण म्हणून घड्याळ देऊ का? कप्तान म्हणाले, घड्याळ नको, ती फुटकी होडी द्या. डॉक्टरांना वाटलं, थट्टा आहे. तोवर ह्यांनी शिडी लावून होडीवर चढून बघितलंही होतं.

पुढे कित्येक वर्षं ती होडी यार्डाच्या कुंपणाजवळ टेकूंवर उभी होती आणि हे तिच्यात. फुटलेला भाग त्यांनी थरावर थर देऊन बुजवला, घासला, पुन्हा भरला, पुन्हा घासला. कवळीच ती, मोठ्या जबड्याची. दुपारी काकू डबा घेऊन यायच्या आणि कप्तान वर, सुकाणूशी बसून, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर जेवायचे. यार्डातली माणसं खालून ओरडायची, "काय कप्तान, वारा कसा आहे?" हे वरून उत्तर द्यायचे, "अनुकूल आहे. मीठ कमी आहे." कप्तान हे नाव तिथंच पडलं. आधी टिंगलीनं, नंतर सवयीनं. शेवटी पोस्टमनसुद्धा तेच म्हणायला लागला.

होडी एकदाची पाण्यात उतरली तेव्हा काकू एकदा बसल्या तिच्यात. पोटातलं सगळं समुद्राला अर्पण करून परत आल्या आणि म्हणाल्या, "मी धक्क्यावरून बघेन." तेव्हापासून त्या धक्क्यावर विणकाम घेऊन बसायच्या आणि कप्तान एकटे, किंवा यार्डातल्या कोणाला तरी घेऊन, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचे. पलीकडे दीपगृहाचं बेट होतं. तिथं एक रात्र नांगर टाकून राहायचं, काकूंना घेऊन, हे दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहायचं.

मग धाप आली. आधी जिन्यावर, मग सपाटीला, मग बुटाची नाडी बांधताना. गेल्या हंगामाच्या शेवटी होडी पाण्याबाहेर काढली ती परत टेकूंवरच राहिली. हिवाळ्यात खोलीत प्राणवायूचं यंत्र आलं. पलंगाच्या उशाशी ते दिवसरात्र घुरघुरत असे, म्हाताऱ्या कुत्र्यासारखं. कप्तान त्याला "आपला पाहुणा" म्हणायचे. छातीचे डॉक्टर काकूंशी बोलले ते व्हरांड्यात, कप्तान आत सदऱ्याची बटणं लावत असताना. ते म्हणाले, "पुढचा हंगाम धरून चालू नका." काकूंनी मान हलवली. दार उघडलं, कप्तान एक्स-रेचं पाकीट काखेत मारून बाहेर आले आणि म्हणाले, "काय म्हणत होते?" काकू म्हणाल्या, "औषध तेच चालू ठेवायचंय."

हे पहिलं खोटं. यार्डातलं दुसरं.

आता रंगाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. होडी पाण्यात राहिली की तिच्या पोटाला काही दिवसांत शेवाळ धरतं आणि मग ते पांढरे, टणक, खडबडीत शिंपले. एकदा बसले की पात्यानेही निघत नाहीत. म्हणून पाण्याखालच्या भागाला विषारी रंग देतात. यार्डात त्याला नुसतं "खालचा रंग" म्हणतात. तो दोन जातींचा. एक झिजणारा. साबणाच्या वडीसारखा पाण्यात थोडा थोडा निघत राहतो आणि वरचा थर गेला की खालचं ताजं विष उघडं पडतं. पण तो झिजायला होडी चालावी लागते, पाणी पोटावरून वाहावं लागतं. उभ्या होडीवर तो नुसता बसून राहतो, आणि त्याच्यावर शेवाळ येऊन बसतं. पुसायला जावं तर शेवाळाबरोबर रंगच हाताला येतो. दुसरा कडक. तो झिजत नाही, दगडासारखा राहतो. त्याचं विष हळूहळू कमी होतं, पण ब्रश मारून, फडक्याने पुसून होडी स्वच्छ ठेवता येते. सतत फिरणाऱ्या होडीला झिजणारा बरा, उभ्या होडीला कडक.

त्या मंगळवारी कप्तान कसेबसे यार्डापर्यंत आले होते. खांद्याला छोटं सिलिंडर, नाकात नळी. रंगाचे मिस्त्री होडीभोवती एक फेरी मारून आले. हे मिस्त्री म्हणजे पन्नाशीचा, रुंद, कमी बोलणारा माणूस. कानाच्या पाळीवर कायम कुठला तरी रंग. त्यांनी सुकाणूच्या पात्यावर बोट फिरवलं आणि प्रत्येक मालकाला विचारतात तेच विचारलं.

"चालणार की उभी राहणार?"

बस, एवढंच. त्यांच्या डोक्यात डबे होते, दुसरं काही नव्हतं.

कप्तान काही बोलले नाहीत. ते होडीच्या पोटावर अंगठ्याचं नख ओढत होते, कवळीची कड बघावी तसं. धाप लागली म्हणून बोलले नाहीत, की उत्तर नव्हतं म्हणून, हे काकूंना कळेना.

"चालणार म्हणजे काय, चालणारच," काकू म्हणाल्या. "बेटावर जायचंय आम्हाला."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं, मग कप्तानांच्या नाकातल्या नळीकडे, मग जमिनीकडे.

"झिजणारा मग," ते म्हणाले. "लालच ना, मागच्यासारखा?"

"लालच," काकू म्हणाल्या.

कप्तान हसले. "बघा मिस्त्री, धक्क्यावर बसून स्वेटर विणणारी बाई आता मला बेटावर नेणार आहे."

घरी येताना ते भिंतीला टेकून थांबले, पण त्या सबंध रस्त्यात बेटाविषयी एक शब्द बोलले नाहीत.

रात्री मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात. छातीच्या डॉक्टरांशी तिचं बोलणं झालं होतं.

"आई, बाबांना सांगितलंस का?"

"काय सांगायचं?"

"आई!"

"तू सांग ना. तुझं बोलणं गोड लागतं त्यांना."

"मी फोनवर सांगू? अमुकतमुक आहे, ठेवते आता, असं?"

"मग नकोच सांगायला. त्यांना काय कळत नाही?"

"कळत असेल तर बोल ना त्यांच्याशी. त्यांना काही सांगायचं असेल, काही विचारायचं असेल. नंतर राहून जाईल, आई, मग तू मला रोज फोन करून रडशील."

काकूंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात इस्त्री लावली. त्या कॉलरचं करपणं तेव्हाचंच. आतल्या खोलीतून कप्तान ओरडले, "कसला वास येतोय गं?" काकू म्हणाल्या, "कसलाच नाही."

ह्या "कसलाच नाही"वर मग दिवस जाऊ लागले. सकाळी मऊ भात नाहीतर दुधात बुडवलेला पाव, दुपारी झोप, संध्याकाळी कप्तान हवामानाच्या बातम्या ऐकायचे आणि वाऱ्याची दिशा मोठ्यांदा सांगायचे. काकू म्हणायच्या, "म्हणजे बेटाला जायला बरा." ते म्हणायचे, "बरा." मग पाहुणा घुरघुरत राहायचा.

काही दिवसांनी काकू लिंबं आणायला बाहेर पडल्या आणि येताना यार्डावरून आल्या. रंग लागून गेला असेल, बघून जाऊ, ह्यांना सांगायला होईल, एवढाच विचार. झिजणाऱ्या रंगावर झिजणाराच द्यायचा तर काम थोडं. पाण्याने धुवायचं, सुटलेलं खरवडायचं, चिकटपट्टी लावायची आणि रोलर फिरवायचा. गेली काही वर्षं काकूंनी ते धक्क्यावरून पाहिलं होतं.

पण होडीजवळ पोचल्या तर तिथं वेगळंच चाललेलं. होडीच्या पोटाखाली ताडपत्री पसरलेली, पाण्याची नळी चालू, आणि मिस्त्री तोंडाला जाडजूड मास्क लावून अख्खं पोट सोलत होते. जुना लाल रंग थरच्या थर निघून ताडपत्रीवर चिखलासारखा पडला होता. निम्मी होडी उघडी पांढरी झाली होती, कप्तानांनी बुजवलेली जागासुद्धा दिसत होती, वर्षांपूर्वीची.

"मिस्त्री, हे काय? एवढं कशाला काढताय?"

मिस्त्रींनी नळी बंद केली. मास्क खाली ओढला. "लांब उभ्या राहा काकू, विषारी असतं हे."

"मागच्या वेळी तर नुसतं धुतलं होतं."

"मागच्या वेळी त्यावर तोच द्यायचा होता." ते अडले. "मऊ रंगावर कडक बसत नाही. पापुद्रे सुटतात. सगळं काढावं लागतं."

"पण कडक कोण म्हणालं? झिजणारा ठरला होता. मी स्वतः सांगितलं."

मिस्त्री हातातलं पातं उलटंसुलटं करत राहिले. माणूस खोटं बोलण्यातला नव्हता आणि खरं बोलायचं म्हटलं की हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नसे.

"कप्तानांचा फोन आला होता. त्याच दिवशी. दुपारी."

दुपारी म्हणजे काकू औषधं आणायला गेल्या होत्या तेव्हा.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कडक द्या. उभीच राहणार आहे." मिस्त्रींनी लाल बोटांनी कानाची पाळी खाजवली. "मी म्हटलं, काकू तर चालणार म्हणाल्या. तर म्हणाले, तिला म्हणू द्या. पुसता येईल असा द्या, आमच्या हिला पुसायची सवय आहे."

काकूंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं." लिंबांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग जाता जाता, का कोण जाणे, त्यांनी त्या अर्ध्या सोललेल्या पोटाला बाही लागेल इतकं जवळ जाऊन हात लावला आणि घरची वाट धरली.

वाटेत त्यांना रडू आलं नाही. राग आला. एका छपराखाली ह्या माणसाबरोबर मुलगी वाढवली, त्याच्या भुवया झटकल्या, त्यानं घरी आणलेले जबडे धुतले. एकदा तर चुकून एक जबडा पिठाच्या डब्यात गेला होता, तोही शोधला. आणि मरणार आहे ही गोष्ट त्यानं सांगितली ती कोणाला? रंगाच्या मिस्त्रीला! फोन करून!

दार उघडून त्या थेट खोलीत गेल्या. कप्तान उशांना टेकून बसले होते. त्यांनी काकूंकडे बघितलं, आणि चेहऱ्याच्या आधी बाहीकडे. बाहीवर कोपरापर्यंत लाल ओली धूळ माखली होती.

"आधी बाहेर जाऊन ते झटक," ते म्हणाले. आवाज वर चढला आणि लगेच खोकला आला. "वाळायच्या आत. तोंड बांध आणि झटक. नाकात जाईल."

"जाऊ दे गेलं तर."

"वेडी आहेस का? ती साधी धूळ नाही."

"तुमची साधी होती वाटतं?"

काकू मागच्या दारी गेल्या. तोंडाला टॉवेल बांधून बाही धुतली, पिळली, पुन्हा धुतली. लाल पाणी मोरीत जाताना बघत उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा अंगात कोरडा झगा होता आणि राग अर्धा उतरला होता. पलंगाच्या कडेला बसल्या.

"कडक सांगितलात."

"हं."

"मला का नाही सांगितलंत?"

"रंगाचं?"

"उगाच थट्टा करू नका."

कप्तानांनी नळी नाकात सारखी केली. त्यांना एका दमात पाचसात शब्दांपेक्षा जास्त बोलता येत नसे, त्यामुळे मधे मधे पाहुणाच बोलत असे.

"तू चालणार म्हणालीस. माझ्यासमोर. मिस्त्रीसमोर. मग मी काय बोलणार? नाही, ही खोटं बोलतेय, म्हणू?"

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"अगं, मला श्वास घ्यावा लागतो ना रोज. मला कोण सांगायला लागतंय?" मग थोड्या वेळानं, "डॉक्टर काय म्हणाले नक्की? त्यांचे शब्द सांग. तुझे नको."

काकूंनी सांगितलं. जसंच्या तसं. पुढचा हंगाम धरून चालू नका.

"हंगाम म्हणजे कधीपर्यंत?"

"त्यांनी महिना सांगितला नाही. मी विचारला नाही."

"का?"

"तुम्ही बाहेर येत होतात. बटणं वरखाली लावून."

कप्तान हसायला गेले आणि खोकल्यात अडकले. काकूंनी पाठ धरली. खोकला थांबल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग डोळे न उघडता म्हणाले, "मला भीती वाटते गं."

इतक्या वर्षांत काकूंनी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. होडी एकदा वादळात सापडली होती, तेव्हाही परत आल्यावर ते म्हणाले होते, चहा टाक. सिस्टरनी शिकवलेलं एक वाक्य काकूंच्या ओठावर आलं, ते त्यांनी गिळलं. त्यांनी कप्तानांचा हात धरला आणि अंगठ्याच्या नखाच्या कडेला कातडीत मुरलेली जुन्या प्लॅस्टरची रेघ, जी कधीच निघत नसे, ती नेहमीप्रमाणे कोरून काढायचा प्रयत्न करत बसल्या.

खरं बोलून झालं की घर हलकं होतं, असं कोणी म्हणत असेल तर म्हणो. तसं काही झालं नाही. उलट आधी संध्याकाळी निदान वारा होता, बेट होतं. आता कप्तानांनी हवामानाच्या बातम्या लावणं सोडलं. अंधार पडायला लागला की त्यांना भीती वाटायची आणि आता ती लपवायचं कारण उरलं नव्हतं. "कुठे चाललीस?" ते विचारायचे. "कचरा टाकायला." "सकाळी टाक." काकू बसून राहायच्या. कधी कधी त्यांना त्या खोट्या बेटाची आठवण यायची. वाटायचं, आणखी थोडे दिवस चाललं असतं.

पण कामं झाली, हेही खरं. मोठ्या सुटकेसच्या कुलपाची किल्ली कुठे आहे ते कप्तानांनी सांगितलं. काकूंना पाण्याचा मुख्य कॉक कुठे ते माहीत नव्हतं. तो त्यांनी पलंगावरून, कागदावर चित्र काढून दाखवला. मुलगी सुट्टी काढून आली. तिच्याजवळ ते काय बोलले ते काकूंनी विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा मुलीचे डोळे सुजले होते आणि ती म्हणाली, "बाबा म्हणतात, तुझे पुढचे दात फार सरळ आहेत, माझा विश्वास बसत नाही तुझ्यावर."

होडी पाण्यात सोडली त्या दिवशी कप्तान खुर्चीवर बसून उतारापर्यंत आले. मुलीने खुर्ची ढकलली, काकूंनी सिलिंडर धरलं. खालचा नवा रंग गडद निळा होता. कडकमध्ये तोच चांगला मिळाला, मिस्त्री म्हणाले. क्रेनने होडी उचलली, पट्ट्यांत ती हेलकावली आणि पाण्यात बसली. निळा रंग पाण्याखाली गेला, वर बोटभर कड राहिली.

"पाणरेषा बरोबर बसली," कप्तान म्हणाले.

शिडं चढवलीच नाहीत. मिस्त्रींनी होडी ओढत नेऊन धक्क्याजवळ पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बांधली. यार्डातली दोनचार माणसं जमली होती. त्यातला एक जुना सवयीने ओरडला, "काय कप्तान, वारा कसा आहे?" आणि ओरडून झाल्यावर त्याचाच चेहरा उतरला. कप्तानांनी हात वर केला. उत्तर द्यायला दम नव्हता.

त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. शेवटचे दिवस वाईट गेले. त्याबद्दल चांगलं काही सांगता येणार नाही. बोलणं गेलं, मग गिळणं गेलं. यंत्र होतं तेवढ्या जोरात चालवूनही पुरेना. एका सकाळी, मुलगी चहा करत असताना आणि काकू त्यांची उशी बदलत असताना, कप्तान गेले. काकूंच्या हातात उशी तशीच राहिली. यंत्र चालूच होतं. ते कोणी तरी बंद करायला हवं हे दोघींनाही बराच वेळ सुचलं नाही.

माणसं आली, गेली. गावातल्या किती तरी म्हाताऱ्या माणसांनी येऊन हात जोडले आणि बोलताना त्यांचा तो एकेक वाकडा दात दिसला. काकू समोर बसून मनात मोजल्यासारखं करत होत्या, हा त्यांचा, हाही त्यांचा. मुलगी जाताना म्हणाली, "होडी विकून टाकूया का, आई?" काकू म्हणाल्या, "बघू." घरात ह्या शब्दाचा अर्थ "नाही" असा होता, आणि मुलीला तो ठाऊक होता.

ती गेली त्या दिवशी दुपारी मिस्त्रींचा निरोप आला. ऊन वाढलंय, पाणरेषेवर हिरवं दिसतंय. यायचं तर या, नाहीतर मी करतो.

काकू गेल्या. मिस्त्रींनी त्यांना छोट्या वल्ह्याच्या होडीत बसवलं आणि बोयापाशी नेलं. पोटात ढवळून आलं, पण त्यांनी दात दाबून धरले. निळ्या कडेवर बोटभर रुंद शेवाळ आलं होतं, निसरडं. मिस्त्रींनी लांब दांड्याचा ब्रश पुढे केला. काकूंनी तो बाजूला ठेवला आणि घरून आणलेलं फडकं पिशवीतून काढलं.

"काकू, हात पोचायचा नाही सगळीकडे."

"पोचेल तिथं पोचेल."

त्या पुसू लागल्या. हिरवं फडक्यावर आलं, निळं आलं नाही. फडकं पाण्यात खळबळवून पुन्हा पुसलं, तरी निळं आलं नाही. मिस्त्री वल्ही धरून होडी जागच्या जागी ठेवत होते आणि काकू एका टोकापासून सरकत सरकत चालल्या होत्या, कप्तानांनी बुजवलेल्या जागेवरूनही. वरून बघितलं तर ती जागा कळत नव्हती.

"किती दिवसांनी पुसायची?" त्यांनी विचारलं.

"ऊन असलं की दर आठवड्याला. नाहीतर कमी."

"म्हणजे जन्मभर," काकू म्हणाल्या. "गेले ते मला काम लावून गेले." त्यांचा आवाज रागाचाच होता. मिस्त्रींनी पाण्याकडे बघितलं आणि वल्हं मारलं.

सुकाणूच्या पलीकडची बाजू राहिली. हात खरंच पोचला नाही.

घरी आल्या तर दारात यंत्राच्या दुकानातली माणसं उभी होती. त्यांनी पलंगाशी वाकून वायर काढली, नळ्या गुंडाळल्या, पाहुण्याला दोघांनी धरून पायऱ्यांवरून खाली नेलं आणि सही घेतली. खोली इतकी गप्प झाली की काकूंना वाटलं, आपल्याला कमी ऐकू यायला लागलं. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग ओलं फडकं वाळत घातलं, स्वयंपाकघरातून इस्त्री आणली आणि उरलेले कपडे घेऊन बसल्या. त्यात कप्तानांचा तो करपलेल्या कॉलरचा शर्टही होता, तोही त्यांनी केला. संध्याकाळी दिवा लावून डायरी उघडली.

३० मे, मंगळवार. ऊन. होडीची एक बाजू पुसली. यंत्र परत गेलं. खोलीतला प्लग मोकळा झाला. इस्त्री आजपासून तिथेच.